यादवीतले कैदी आणि एक चोरून उतरवलेली यादी (लांबलंय, चहा घेऊन बसा)

नाशिकरोडकर (रविवार, रात्री ९.१०)

राम राम मंडळी. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे अटलांटाला तीन महिने होतो. ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांना माहितीये, पहिले पंधरा दिवस मॉल, मत्स्यालय, मंदिर सगळं झालं की मग म्हातारा-म्हातारी सोफ्यावर. सूनबाई म्हणाली बाबा तुम्हाला इतिहासाची आवड आहे तर एका ठिकाणी जाऊ, जागा जरा उदास आहे पण तुम्हाला आवडेल. 'आवडेल' हा शब्द चुकला हे तिला तिथे पोचल्यावर कळलं.

जागेचं नाव अँडरसनव्हिल. जॉर्जिया राज्यातच, अटलांटापासून दक्षिणेला गाडीने दोन-अडीच तास. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, उत्तर विरुद्ध दक्षिण, गुलामगिरीवरून, एवढं आपण शाळेत शिकलो, लिंकनचा फोटो बघितला आणि पान उलटलं. त्या लढाईत दक्षिणवाल्यांनी पकडलेल्या उत्तरेच्या सैनिकांसाठी हा तुरुंग. तुरुंग म्हणजे काय, तर पाइनचे ओंडके उभे रोवून केलेलं उंच कुंपण आणि आत उघडी जमीन. छप्पर नाही, बराक नाही. १०,००० माणसं धरून आखलेला, आणि ऑगस्ट १८६४ मध्ये आत ३२,००० च्या वर. साडेसोळा एकर होती ती जागा वाढवून साडेसव्वीस केली. मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला, माणशी सहा फूट बाय सहा फूट, आणि त्यात मधली दलदलही धरलेली. शाहीस्नानाला रामकुंडावर असते तशी चेंगराचेंगरी डोळ्यापुढे आणा, फक्त आपण दुपारी घरी येऊन वरणभात खातो, हे लोक महिनोन्महिने तिथेच.

मधून एक ओढा वाहतो. अजून वाहतो, मी बघितला, आपल्या नासर्डीपेक्षाही बारीक. वरच्या अंगाला पहारेकऱ्यांचा तळ आणि मुदपाकखाना, त्यांची सगळी घाण वाहून आत येणार, मग आत तेच पाणी प्यायला, त्याच्या खाली अंघोळीला, आणि त्याच्या खाली शौचाला. खायला मक्याचं कणीस आतल्या दांड्यासकट भरडलेलं पीठ. हगवण, रक्ती आव, स्कर्व्ही. कुंपणाच्या आत साधारण १९ फुटांवर एक हलकीशी लाकडी पट्टी ठोकलेली, तिच्या पलीकडे हात जरी गेला तरी वरून गोळी. त्या पट्टीला म्हणायचे डेडलाइन. आपली आयटीतली पोरं रोज हा शब्द उच्चारतात.

१४ महिने चाललं हे, फेब्रुवारी १८६४ ते एप्रिल १८६५. सुमारे ४५,००० माणसं आत आली आणि जवळजवळ १३,००० मेली. एकट्या ऑगस्टमध्ये ३,००० च्या आसपास.

आता मुद्द्यावर येतो. दफनभूमीत गेलो तर दगड इतके जवळ जवळ की मधून पाऊल तिरकं टाकावं लागतं. का तर शवपेट्या नव्हत्याच, चर खणून त्यात माणसं खांद्याला खांदा लावून ठेवलेली. आणि प्रत्येक दगडावर नंबर. मी नोटांच्या प्रेसमध्ये ३४ वर्षं काढली, हयात नंबर मोजण्यात गेली, मोजणी जुळल्याशिवाय गेटबाहेर पाय नाही. त्यामुळे माझं डोकं पहिल्यांदा तिकडेच गेलं, की बाबा ज्या लोकांनी प्यायचं पाणी धड दिलं नाही त्यांनी नंबर कशाला सांभाळले? कोणी सांभाळले?

तर ती गोष्ट अशी. डोरेन्स अॅटवॉटर नावाचा कनेक्टिकटचा पोरगा, वय लपवून सैन्यात गेलेला, १८६३ च्या जुलैत पकडला गेला. अँडरसनव्हिलला त्याचं अक्षर बरं म्हणून त्याला दवाखान्याच्या कारकुनीला बसवलं, रोजच्या मेलेल्यांची नोंद करायची. नाव, पलटण, कशाने मेला, तारीख, कबर नंबर. वय तेव्हा १९ च्या आसपास. त्याला वाटलं की हे रजिस्टर काही उत्तरेकडे पोचायचं नाही, म्हणून त्याने दुसरी प्रत चोरून उतरवायला घेतली, आणि सुटला तेव्हा अस्तरात लपवून बाहेर काढली. १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन बाई, यादवीत जखमींची सेवा केलेल्या, त्याला घेऊन परत तिथे गेल्या, यादी आणि नुसत्या नंबरच्या फळ्या ताडून बघितल्या आणि १२,००० च्या वर कबरींना नाव मिळालं. ४६० च्या आसपास फक्त 'अज्ञात' राहिल्या.

आणि सरकारने त्या पोराला काय दिलं? यादी कुणाची यावरून वाद झाला, त्याने आपली वही परत घेतली म्हणून त्याच्यावर चोरीचा खटला, १८ महिने सक्तमजुरी. दोनेक महिन्यांत सोडलं म्हणा. १८६६ साली ती यादी न्यूयॉर्कच्या एका पेपरने छापली तेव्हा कुठे घरोघरी कळलं की आपला माणूस नक्की गेला.

असो. मला विचारायचंय ते असं, की कुणाला हाल करायचेच नव्हते, फक्त अन्न नव्हतं, असं तिथले काही लोक अजून म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

मिसळसम्राट (रविवार, रात्री ९.३२)

काका जबरी लिहिलंय. डेडलाइनचं माहीत नव्हतं. उद्या मॅनेजरला सांगतो.

खवचट_काका (रविवार, रात्री १०.०५)

छान लिहिलंत पण एकच बाजू लिहिलीत. हिवाळा १८६४ मध्ये दक्षिणेच्या स्वतःच्या सैन्याला खायला नव्हतं, बंदरं उत्तरेच्या नौदलाने अडवलेली, रेल्वे उखडलेली. कैद्याला कुठून बासुंदी घालणार? शिवाय त्या तुरुंगाचा अधिकारी हेन्री वर्झ, मूळचा स्विस, झुरिकचा. त्याला १० नोव्हेंबर १८६५ ला वॉशिंग्टनमध्ये फासावर चढवला. त्याच्यावर खुनाचे १३ आरोप ठेवले होते आणि त्यातल्या एकाही आरोपात मेलेल्या माणसाचं नाव नाही! नाव अज्ञात, नाव अज्ञात, नाव अज्ञात. तुमच्याच अॅटवॉटरच्या यादीत १३,००० नावं असताना कोर्टाला १३ नावं सापडू नयेत? जिंकलेल्यांना कुणीतरी लटकवायला हवा होता, हा सापडला. वरचा जनरल विंडर आधीच फेब्रुवारीत मरून मोकळा झालेला.

नाशिकरोडकर (रविवार, रात्री १०.४०)

खवचटकाका, नावांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. त्या खटल्यात कच्चं काम बरंच होतं आणि वर्झ म्हणजे सगळं पाप एकट्याने केलेला राक्षस असं मीही म्हणणार नाही.

पण अन्नाचं म्हणता तर मी दुसरं एक उदाहरण देतो, उत्तरेचंच. न्यूयॉर्क राज्यात एल्मायरा म्हणून गाव आहे, तिथे उत्तरेने दक्षिणेच्या कैद्यांचा तुरुंग केला, जुलै १८६४ ते जुलै १८६५. १२,००० च्या वर कैदी, त्यातले जवळपास ३,००० मेले. म्हणजे चारात एक. अँडरसनव्हिलपेक्षा प्रमाण फारसं कमी नाही. आता सांगा, न्यूयॉर्कमध्ये कोणता दुष्काळ होता? कोठारं भरलेली होती. आपली माणसं तिकडे उपाशी मरतात म्हणून यांचा शिधा मुद्दाम तोडला, सूड म्हणून. कैद्यांच्या खात्याचा मुख्य अधिकारी होता कर्नल हॉफमन, त्याने लढाई संपल्यावर कैद्यांच्या खर्चातून वाचलेले १८ लाख डॉलर सरकारजमा केले. पै पैचा हिशोब. मी स्वतः हिशोबातला माणूस, आयुष्यात बचत दाखवणाऱ्याला नेहमी शाबासकी दिली, पण ही बचत वाचून पोटात ढवळलं. कुंपणाबाहेर तर मचाणं बांधलेली, गावातले लोक पैसे देऊन वर चढायचे आणि कैदी बघायचे.

आणि जॉर्जियात अन्न नव्हतं समजा, लाकूडही नव्हतं का? सगळा मुलूख पाइनच्या जंगलाचा, कुंपणच मुळी पाइनचं. कैदी म्हणत होते आम्हीच तोडून झोपड्या बांधतो. फाटक्या कांबळ्याच्या पालाखाली ३२,००० माणसं भर ऑगस्टच्या उन्हात ठेवायला दुष्काळ लागत नाही हो. मुदपाकखाना ओढ्याच्या खालच्या अंगाला बांधला असता तर एक पैसा जास्त लागला नसता.

तोफखाना_देवळाली (सोमवार, सकाळी ६.१५)

मी तोफखान्यातून रिटायर, आता कॅम्पातच असतो. खवचटसाहेब, आम्हाला शिकवलंय ते सांगतो. कैदी हातात आला की पहिलं काम त्याचं हत्यार काढणं, दुसरं काम कागद करणं. नाव, नंबर, रँक. कागद झाला की तो माणूस वरपर्यंत दिसायला लागतो, मग त्याला काही झालं तर कुणीतरी जबाबदार होतो. कागद होईपर्यंतचा जो वेळ असतो ना, तासाभराचा का असेना, सगळ्यात वाईट तोच असतो. ७१ ला आपल्याकडे ९३,००० आले, त्यात सैनिकांबरोबर सिव्हिलियन आणि बायकापोरंही होती हे लोक विसरतात, आणि त्यांना दोन-अडीच वर्षं ठेवून परत पाठवलं. मोठी गोष्ट आहे ती. तेवढ्या माणसांचं पाणी आणि संडास आखणं हेच एक युद्ध असतं. अँडरसनव्हिलची ती ओढ्याची जागा ज्याने निवडली त्याला आमच्याकडे कोर्ट मार्शलच.

दगडूशेठ_सातपूर (सोमवार, सकाळी ९.२०)

देवळालीवरून आठवलं, आपल्या देवळालीलाच ६२ साली चिनी वंशाच्या लोकांना डांबलं होतं ना?

तोफखाना_देवळाली (सोमवार, सकाळी ९.५८)

नाही साहेब. ते देवळी, राजस्थानातली. इंग्रजीत स्पेलिंग जवळपास सारखं म्हणून हा घोळ नेहमी होतो. तिथे ३,००० च्या आसपास भारतीय चिनी नेले होते, आसाम-बंगालमधले, बायका-मुलांसकट, कित्येकजण इथेच जन्मलेले. आपल्या बाजूला कैदी छावणी म्हणाल तर नगरला होती, पहिल्या महायुद्धात जर्मनांची.

मेम्फिसवासी (सोमवार, सकाळी १०.३०)

माहेर जेलरोड, सासर टेनेसी. 🙂 हा धागा वाचून राहवलं नाही. नाशिकरोडकर काका, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिलीच नाही, की इतके कैदी साठलेच का? आधी अदलाबदल व्हायची ना!

जुलै १८६२ मध्ये दोन्ही बाजूंनी करार केला होता. त्यात चक्क रेट कार्ड होतं. एक कॅप्टन म्हणजे ६ साधे शिपाई, कर्नल म्हणजे १५, मुख्य सेनापती म्हणजे ६०. भाजीबाजारातल्या फळ्यावर भाव लिहितात तसं. पण चालत होतं, माणसं घरी जात होती. मग उत्तरेने काळ्या माणसांना सैन्यात घेतलं आणि दक्षिण म्हणाली हे सैनिक नाहीतच, ही आमची पळालेली मालमत्ता, यांना कैदी म्हणून मोजणार नाही. लिंकन म्हणाला सगळ्यांना एकाच मापाने मोजा नाहीतर अदलाबदल बंद. १८६३ मध्ये बंद झाली. त्यानंतर सहा-आठ महिन्यांत अँडरसनव्हिल उभं राहिलं.

आणि मोजणार नाही म्हणजे काय ते बघायला मी इथून गाडीने तासाभरावर गेले होते, फोर्ट पिलो म्हणून, मिसिसिपीच्या काठावर, आता तिथे पार्क आहे, लोक मुलांना घेऊन ट्रेकिंगला येतात. १२ एप्रिल १८६४. आत ६०० च्या आसपास उत्तरेचे सैनिक, त्यातले निम्मे काळे. दक्षिणेच्या फॉरेस्ट नावाच्या सेनापतीच्या माणसांनी किल्ला घेतला आणि त्यानंतर, म्हणजे घेतल्यानंतर, हात वर केलेल्यांना मारलं, नदीत उडी टाकलेल्यांना वरून टिपलं. गोऱ्या सैनिकांत तीनात एक मेला आणि काळ्यांत तीनात दोन. एकाच भिंतीमागे, एकाच दिवशी, एकाच शत्रूपुढे. या आकड्याला दुसरं कुठलं स्पष्टीकरण असेल तर मला सांगा.

हाच फॉरेस्ट नंतर कू क्लक्स क्लॅन या काळ्यांना छळणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त टोळीचा पहिला म्होरक्या. मेम्फिसच्या मध्यवस्तीत त्याचा घोड्यावरचा पुतळा होता, मी नवीन आले तेव्हा ऑफिसला जाताना रोज दिसायचा आणि मला वाटायचं असेल कोणीतरी त्यांचा शिवाजी. 🤦 डिसेंबर २०१७ मध्ये एका रात्रीत काढला.

खवचट_काका (सोमवार, दुपारी १२.१०)

ताई, लिंकनने तत्त्वासाठी अदलाबदल बंद केली ही गोष्ट अर्धी. उत्तरेच्या सेनापती ग्रँटचं १८६४ च्या ऑगस्टमधलं पत्र बघा. तो सरळ गणित मांडतो की दक्षिणेचा सोडलेला प्रत्येक माणूस लगेच परत बंदूक घेऊन उभा राहतो, आपले सुटलेले घरी जातात, म्हणून तुरुंगातल्या आपल्या माणसांवर अन्याय असला तरी अदलाबदल नको. म्हणजे अँडरसनव्हिलमध्ये महिन्याला ३,००० मरत होते त्याच महिन्यात त्यांचाच सेनापती म्हणतोय राहू द्या तिथेच. त्याला नाही कुणी फासावर दिलं, उलट राष्ट्राध्यक्ष केलं.

मेम्फिसवासी (सोमवार, दुपारी १२.४५)

पत्र खरं आहे. गणितही होतं. पण मग जानेवारी १८६५ मध्ये दक्षिणेने काळ्या कैद्यांनाही मोजू असं मान्य केल्यावर अदलाबदल परत सुरू झाली, ती कशी? दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात काका, तुम्ही एक आणली की दुसरी लगेच खोडता.

आणि अँडरसनव्हिलमध्येही शंभरेक काळे सैनिक होतेच, फ्लोरिडातल्या लढाईत पकडलेले. त्यांना कामाला कुठे लावायचे माहितीये? मढी पुरायला.

कापूसकोंड्या (सोमवार, दुपारी ३.२०)

थोडं अवांतर पण नाशिककरांचंच आहे म्हणून. या यादवीचा पैसा आपल्या दारावरून गेलाय. अमेरिकेचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या बोंबलायला लागल्या, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मालेगाव-चांदवडकडून बैलगाड्यांच्या रांगा आग्रा रोडने नाशिकवरून थळ घाट उतरून मुंबईला. रेल्वेचा थळ घाट १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला आणि एप्रिलमध्ये तिकडे लढाई संपली, भाव कोसळले, मुंबईत प्रेमचंद रायचंदसकट सगळे शेअरवाले आडवे.

म्हणजे बघा, फोर्ट पिलोच्या त्या उन्हाळ्यात इगतपुरीला कुणीतरी शेठ देवाला नवस बोलत असणार की लढाई अजून एक वर्ष चालू दे रे बाबा. तो काही वाईट माणूस नसणार. त्याला फक्त भाव दिसत होता.

आणि दुसरं टोक म्हणजे जोतीराव फुले. १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मोकळं करायला त्याग केला त्यांना. पुण्यात बसून. आपल्या शाळेच्या पुस्तकात ही ओळ का नसते देव जाणे.

दगडूशेठ_सातपूर (सोमवार, सायंकाळी ५.०२)

यावरून मग आपल्याकडच्या कुणी कुणाला काय केलं याचीही यादी काढा की. तिकडचं काय धरून बसलात. [पुढील मजकूर संपादित]

संपादक (सोमवार, सायंकाळी ५.४०)

विषयाला धरून लिहा. तो धागा वेगळा काढा, इथे नको.

मिसळसम्राट (सोमवार, सायंकाळी ५.४४)

संपादक जागे आहेत हे बघून बरं वाटलं 😀

एक प्रश्न. हे सगळं सैनिकांचं झालं. साध्या लोकांचं काय? म्हणजे यादवी म्हटल्यावर घरात घुसूनच असणार ना.

नाशिकरोडकर (सोमवार, रात्री ९.१५)

सम्राट, बरोबर विचारलंस. यादवी शब्दच बघ ना आपला. इंग्रजीत सिव्हिल वॉर म्हणजे नागरिकांचं युद्ध वगैरे, सभ्य वाटतं. आपल्याकडे यादव. प्रभासला समुद्राकाठी दारू पिऊन एकमेकांना लव्हाळ्यांनी मारत सुटले, भाऊ, चुलते, जावई. मारणारा ओळखीचा असतो हे त्या शब्दातच आहे.

एक गोष्ट सांगतो, लहान आहे, नकाशावर सापडणार नाही इतकी. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात शेल्टन लॉरेल नावाचं खोरं. राज्य दक्षिणेचं पण डोंगरातले गरीब लोक उत्तरेच्या बाजूचे. १८६३ चा जानेवारी, बर्फ. तिथे मीठ मिळेना. मीठ म्हणजे चवीला नाही, डुक्कर मारून त्याचं मांस वर्षभर टिकवायचं तर मीठ हवं, नाहीतर उपास. मीठ सरकारी ताब्यात आणि या लोकांना ते देत नव्हते, निष्ठा संशयास्पद म्हणून. मग यांनी मार्शल गावावर धाड घातली, मीठ लुटलं, बरोबर इतर घरंही लुटली. त्यात एका कर्नलचं घर, त्याची पोरं आत तापाने फणफणलेली, पुढे त्यातली दोन गेली. म्हणजे इकडेही आग होतीच.

मग त्याच भागातली, त्याच माणसांना ओळखणारी पलटण खोऱ्यात शिरली. पुरुष सापडेनात म्हणून बायकांना पकडलं, चाबकाने मारलं, गळ्यात दोर घालून वर ओढून परत खाली सोडलं, सांगा नवरे कुठे आहेत. पंधराएक पुरुष आणि पोरं गोळा केली, दोघं पळाले, १३ उरले. सांगितलं की नॉक्सव्हिलला कोर्टात नेतोय. थोडं चालवलं आणि वाटेत बर्फात गुडघ्यावर बसवून गोळ्या घातल्या. सगळ्यात लहान डेव्हिड शेल्टन, वय १३. त्यातले कित्येकजण धाडीला गेलेलेच नव्हते. हुकूम देणारा कीथ नावाचा अधिकारी, लढाई संपल्यावर तुरुंगात दोन वर्षं खटल्याची वाट बघत होता आणि मग तिथून पळाला. खलास. शिक्षा नाही.

कॅन्ससचं लॉरेन्स याच्यापेक्षा फार मोठं, २१ ऑगस्ट १८६३, क्वांट्रिल नावाचा टोळीवाला पहाटे गावात शिरला आणि दीडशेच्या वर पुरुष आणि मोठी पोरं घराच्या दारात, बायकोसमोर मारली. चार दिवसांनी उत्तरेच्या जनरलने उलट हुकूम काढला आणि पलीकडच्या मिझुरीचे चार जिल्हे जवळपास रिकामे केले, २०,००० माणसं घर सोडून चालती. पण मला झोप येईना ती मिठाच्या गोष्टीने. वयाचा परिणाम असेल.

कज्जेदलाल (सोमवार, रात्री १०.५०)

कोर्टाची तारीख संपवून आत्ता वाचलं. थोडी कायद्याची बाजू. यादवी चालू असतानाच, २४ एप्रिल १८६३ ला, लिंकनच्या सरकारने सैन्यासाठी लेखी नियम काढले, १५७ कलमं. लिहिणारा फ्रान्सिस लीबर, मूळचा जर्मन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात प्राध्यापक. त्याची तीन पोरं या लढाईत, दोन उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून, तो दक्षिणेचा १८६२ मध्ये मेला. आपल्याच घरात यादवी असलेल्या माणसाने हे नियम लिहिलेत हे वाचताना लक्षात ठेवा. कैद्याला सूड म्हणून छळायचं नाही, त्याचा रंग बघायचा नाही, हे त्यात सरळ आहे. पण वकील म्हणून सांगतो, भोकंही आहेत. शत्रूला उपाशी मारणं त्यात चालतं, हत्यारी असो वा बिनहत्यारी. आणि सेनापती फारच अडचणीत असेल तर कैदी न घेण्याची मुभा आहे. 'फारच अडचणीत' म्हणजे किती, हे ठरवणार कोण तर तोच सेनापती!

यावरूनच पुढे हेगचे नियम, मग १९४९ चे जिनिव्हा करार. त्या चारही करारांत तिसरं कलम एकसारखं आहे आणि ते देशातल्या देशात चाललेल्या लढाईसाठीच आहे. ज्याने हत्यार टाकलं, जो जखमी, जो पकडला गेला, त्याला माणसासारखं वागवा. एवढंच. आपण १९६० मध्ये त्याचा कायदाही केला. १९७७ ला यादवीसाठी जादा तरतुदींचा मसुदा आला, त्यावर मात्र भारताची सही नाही.

खवचटकाका, वर्झ एकटाच फासावर गेला असं नाही. चॅम्प फर्ग्युसन म्हणून दक्षिणेचा एक टोळीवाला होता, दवाखान्यात खाटेवर पडलेल्या जखमी कैद्यांना जाऊन मारणारा, त्यालाही ऑक्टोबर १८६५ मध्ये नॅशव्हिलला फाशी झाली. पण तुमची मूळ तक्रार रास्त आहे. वर्झला जिथे लटकवला त्या तुरुंगाच्या जागेवर आज अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट उभं आहे. खटला नीट चालवायला काय लागतं ते शिकायला जागा योग्य निवडली म्हणायची.

गंगाकाठची (मंगळवार, दुपारी २.३०)

मी सहसा फक्त वाचते. आमचं घर पंचवटीत, सासरे तीर्थोपाध्ये. आमच्याकडे कपाटं भरून नामावळीच्या वह्या आहेत. गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) कुणी कार्याला आलं की गाव आणि आडनाव विचारायचं, त्यांची वही काढायची, पणजोबा कधी आले होते, कोण बरोबर होतं ते दाखवायचं आणि खाली आजच्या माणसाची नोंद करायची. जुनी पानं मोडीत. लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार गमतीशीर वाटायचं, नवऱ्याला म्हणायचे तुमच्याकडे गुगल आधीपासून आहे.

काल रात्री सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांना अॅटवॉटर इतका आवडला की त्याचं नाव तीनदा विचारलं. मग म्हणाले, शत्रूच्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली का? मला उत्तर देता आलं नाही.

नाशिकरोडकर (मंगळवार, रात्री ८.५०)

ताई, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा आणि सांगा की ठेवली. आणि ज्याने ठेवली तो ऐकून ते चौथ्यांदा नाव विचारतील.

वर एल्मायरा लिहिलं ना, उत्तरेचा तुरुंग. तिथल्या दफनभूमीचा माणूस जॉन जोन्स. काळा. व्हर्जिनियात गुलाम होता, १८४४ मध्ये पायी पळून एल्मायराला आलेला. तुरुंगात दक्षिणेचे कैदी मरायला लागले तेव्हा पुरायचं काम याला मिळालं, मढ्यामागे अडीच डॉलर. म्हणजे ज्यांनी याला गुलाम ठेवलं त्यांचीच पोरं. त्याने जवळजवळ ३,००० माणसं पुरली आणि प्रत्येकाचं नाव, पलटण, तारीख लिहून ठेवली, प्रत्येकाच्या उशाशी फळी. अज्ञात राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अँडरसनव्हिलचे ४६० आणि इथे हे. पैसे घेतले, हो, चांगलं घरही बांधलं त्यातून, आणि का बांधू नये. काम चोख केलं.

खवचट_काका (मंगळवार, रात्री ९.३०)

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

मिसळसम्राट (मंगळवार, रात्री ९.३१)

खवचटकाकांनी धन्यवाद म्हटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय 😂

गंगाकाठची (बुधवार, सकाळी ११.१५)

सांगितलं त्यांना. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग जोन्सचं नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, देवनागरीत. त्यांचा अजून एक प्रश्न आहे. आमच्या वह्यांत एका घरातले भाऊ एका पानावर येतात. तिकडच्या यादीत नंबर तर मरणाच्या क्रमाने, मग दोन भाऊ असतील तर?

नाशिकरोडकर (बुधवार, रात्री ९.०५)

होते. नंबर १ ची कबर अॅडम स्वार्नर, न्यूयॉर्कच्या घोडदळातला, २७ फेब्रुवारी १८६४, त्या तुरुंगातला पहिला मृत्यू. त्याचा भाऊ जेकबही तिथेच होता. जेकबचा नंबर ४००५.

मी १ नंबरपाशी उभा होतो तेव्हा हे सूनबाईने फोनवर वाचून दाखवलं. ऊन रणरणतं होतं, मुलगा म्हणाला बाबा गाडीत बसा, भाऊ लांब आहे. मी म्हटलं चल, चालत जाऊ. ओळी मोजत गेलो. मध्ये दोनदा चुकलो आणि परत मागे येऊन मोजलं.